लीप वर्ष: चारने भाग गेला की झालं? मग १९०० चं काय?

गणितभीरू

शाळेत बाईंनी शिकवलं होतं: सालाला चारने भाग गेला की लीप वर्ष, फेब्रुवारी एकोणतीसचा. एवढ्या भांडवलावर आजवर छान निभावलं. परवा ऑफिसात एक्सेलच्या एका चौकटीत ६० टाकलं, त्याला तारखेचं रूप दिलं, तर २९ फेब्रुवारी १९०० उमटलं. शेजारचा पोरगा म्हणतो, "सर, ही तारीख कधी उगवलीच नाही. १९०० लीप नव्हतं." अहो, १९०० ला चारने भाग जातो की! नि:शेष जातो.

जाणकारांनी उजेड पाडावा. नियम नक्की काय आहे? शंभरांचा अपवाद कुणी आणि कशाला घुसडला? आणि खरी खाज इथे आहे: १९०० लीप नाही, २००० आहे, मग १७०० चं काय? शिवकाळातल्या, पेशवाईतल्या तारखा वाचताना हाच नियम लावायचा का?

उंटावरचा शहाणा

गूगल नावाची एक सोय निघाली आहे म्हणे. चालू द्या जिलब्या.

डोंबिवलीची_सून

@उंटावरचा, तुमचे पाय लागले म्हणजे धागा शंभरी गाठणार. वाचतेय.

ताकभात

गणितभीरू, बाईंचा नियम ९९ टक्के बरोबर आहे. उरलेला असा:

साल शंभराच्या पाढ्यातलं नसेल तर फक्त शेवटचे दोन आकडे बघा. २०२८ मधले २८, चारने भाग जातो, लीप. २०२६ मधले २६, जात नाही, साधं. आधीच्या आकड्यांशी काही देणंघेणं नाही, कारण शंभराला चारने भाग जातोच.

शेवटी दोन शून्यं असतील तर ती बोटाने झाका आणि उरलेल्याला चारने भागा. १९ ला जात नाही म्हणून १९०० साधं. २० ला जातो म्हणून २००० लीप. २१००, २२००, २३०० साधी, २४०० पुन्हा लीप. पुस्तकात हेच "१०० ने भाग जात असेल तर ४०० नेही गेला पाहिजे" असं छापतात आणि पोरं तिथे अडखळतात.

आता कशाला, ते. ऋतुचक्र पुरं व्हायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि वर ४५ सेकंद लागतात. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ पासून जी दिनदर्शिका लागू केली तिने सरळ ३६५ दिवस ६ तास धरले. चार वर्षांचे सहा-सहा तास साठवले की एक दिवस. हिशेब सुटसुटीत, पण दर वर्षाला सव्वाअकरा मिनिटं फुकटची मोजली गेली. १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत दिवस-रात्र समान होण्याचा वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. ईस्टर त्याच्यावर ठरतो, म्हणून चर्चला ते टोचलं. शेतकऱ्याला टोचलं नसावं. १५८२ साली तेरावा पोप ग्रेगरी याने ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार आणला. दहा दिवस गायब. आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप दिवस ठेवले. कापलेले ते तीन म्हणजेच तुमचे १७००, १८००, १९००.

हापूसचोर

त्या ऑक्टोबरचं भाडं घरमालकांनी पूर्ण घेतलं असेल की एकवीस दिवसांचं?

उंटावरचा शहाणा

मालक पुण्याचा असेल तर पूर्ण. वर "दुपारी १ ते ४ तारीख विचारू नये" अशी पाटी.

शनिवारवाडा_बघ्या

आलात का पुण्यावर! लीप वर्ष असो नसो.

बोरिवली_फास्ट

एक्सेलचं कोडं मी सोडवतो. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाचं सॉफ्टवेअर जोरात होतं. त्यात १९०० लीप धरलेलं होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सेल आणलं तेव्हा लोटसच्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून तो घोळही जाणूनबुजून उचलला. आता दुरुस्त करावं तर जगभरातल्या शीट्समधल्या तारखा एकेक दिवसाने हलतील, म्हणून कुणी हात लावत नाही. परिणाम एवढाच की १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांचे वार एक्सेल चुकीचे सांगतं. तुमच्या ऑफिसात १९०० च्या फेब्रुवारीतली येणी बाकी नसतील तर निवांत झोपा.

आणि गंमत म्हणजे १९०१ ते २०९९ एवढ्या काळात नुसता चारचा नियम कुठेही फसत नाही. मधलं २००० लीपच होतं ना! आळशी प्रोग्रॅमरांचा सुवर्णकाळ आहे हा.

डोंबिवलीची_सून

आमचे हे २९ फेब्रुवारीचे. सासूबाई तिथीने औक्षण करतात, माझ्या माहेरचे २८ ला फोन करतात, ऑफिसातले १ मार्चला केक कापतात. दर चार वर्षांनी वाढदिवस म्हणून लोक बिचाऱ्याची कीव करतात, प्रत्यक्षात माणूस वर्षातून तीनदा गोड खातो.

मैना९

मोरारजी देसाई २९ फेब्रुवारीचेच ना? १८९६.

ताकभात

हो. आणि त्यांचा पहिला खरा वाढदिवस १९०४ मध्ये आला, आठव्या वर्षी. मधलं १९०० गळलं! रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्मच मुळी २९ फेब्रुवारी १९०४ चा.

कारकून_नं_१

आमच्या आस्थापना शाखेतला मुद्दा घ्या. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. समजा कुणी २९ फेब्रुवारी १९६४ चा. केंद्र सरकारात ६० ला निवृत्ती, साठला चारने भाग जातो, म्हणून तो २९ फेब्रुवारी २०२४ ला, नेमक्या वाढदिवशी निवृत्त. आमच्या राज्य सरकारात ५८, चतुर्थ श्रेणी सोडून. ५८ ला चारने भाग जात नाही, म्हणून २८ फेब्रुवारी २०२२. म्हणजे राज्य सरकारचा असा कर्मचारी आपल्या वाढदिवशी निवृत्त होऊच शकत नाही. हा अन्याय सातव्या वेतन आयोगानेही दूर केला नाही.

हापूसचोर

लीप वर्षात एक दिवस जादा राबतो त्याचे पैसे कुठे जातात, ते सांगा आधी. मासिक पगारवाल्यांनी २९ तारखेला संप करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कारकून_नं_१

आणि उरलेल्या फेब्रुवारींत २८ दिवस काम करून तीस दिवसांचा पगार घेतो, ते?

हापूसचोर

तो विषय आत्ता नको.

ग्रँटरोडकर

लीप दिवस नाहीच पाळला तर काय होतं ते बघायला रोमला जायला नको, आमच्या गल्लीत या. इथल्या बहुसंख्य पारशी कुटुंबांचं शहेनशाही पंचांग ३६५ दिवसांचं आहे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, वर पाच दिवस, बास. लीप दिवस नाही. त्यामुळे त्यांचं नवं वर्ष दर चार वर्षांनी आपल्या कॅलेंडरावर एक दिवस मागे येतं. २०२३ मध्ये ते १६ ऑगस्टला होतं. २०२४ च्या २९ फेब्रुवारीनंतर १५ ऑगस्टला आलं आणि २०२७ पर्यंत तिथेच राहील. २०२८ ला १४ ऑगस्ट. मुळात वसंतातला सण सरकत सरकत भर पावसात आला. २१ मार्चला जमशेदी नवरोज होतो तो वेगळा. खर्शेदजी कामांनी १९०६ मध्ये लीप दिवस धरणारं फसली पंचांग पुढे आणलं, काही घरं ते पाळतात, पण आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकांच्या मते पंचांग बदलायला तुम्ही कोण टिकोजीराव.

१५ ऑगस्टला आल्यामुळे एक सुट्टी बुडाली, हे दु:ख मात्र सर्वधर्मीय आहे.

मैना९

वा, हे माहीतच नव्हतं! पण मग आपल्याकडे? आपली तिथी तर कॅलेंडराला जुमानतच नाही, तरी दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही.

डोंबिवलीची_सून

धोंड्याचा महिना विसरलीस काय गं? अनारसे, बत्तासे, जावयाला तेहतीसचं वाण. २०२३ ला अधिक श्रावण झाला तेव्हा आमच्या माहेरच्यांचं दिवाळं निघालं.

ताकभात

बरोबर, तो आपला लीप. फक्त आपण दिवस न घालता अख्खा महिना घालतो. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षाशी अकराएक दिवसांचा फरक पडतो. तो साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक चांद्रमास असा येतो की त्यात सूर्य एकाही नव्या राशीत जात नाही, म्हणजे संक्रांतच नाही. तो अधिक. १९ वर्षांत असे सात. हिजरी कालगणनेत ही भर नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

यात मला आवडणारी गोष्ट ही की इथे "चारने भाग" वगैरे काही पाठ करावं लागत नाही. आकाशात जे घडतं त्यावरून महिना अधिक ठरतो. अर्थात त्यासाठी घरोघरी पंचांग लागतं.

उंटावरचा शहाणा

आणि पंचांगकर्त्यांची भांडणंही.

बोरिवली_फास्ट

सरकारी पंचांग राहिलं. आकाशवाणीवर शके सांगतात ते. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ ला सुरू झालं, त्या दिवशी १ चैत्र १८७९. त्यातला लीप ओळखायचा तर शकात ७८ मिळवा आणि येणाऱ्या सनाला नेहमीचा नियम लावा. शके १९४६ + ७८ = २०२४, लीप. त्या वर्षी चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा आणि वर्षारंभ २२ ऐवजी २१ मार्चला. हे पंचांग कोण वापरतं ते विचारू नका. राजपत्रावर छापलेलं असतं एवढं खरं.

शनिवारवाडा_बघ्या

माझा एक प्रश्न. लहानपणी संक्रांत म्हणजे १४ जानेवारी, डोळे मिटून. हल्ली मध्येच १५ ला येते. याचा लीपशी संबंध आहे का?

ताकभात

आहे. सूर्याचा मकरप्रवेश दर वर्षी सहा तासांहून थोडा जास्त उशिरा होतो. २०२४ ला १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास झाला. मग २९ फेब्रुवारी आली, कॅलेंडरात एक दिवस जादा पडला, आणि २०२५ ला प्रवेश १४ तारखेच्या सकाळी नऊला. २०२६ ला १४ तारखेच्याच दुपारी तीननंतर. असं रेटत रेटत पुन्हा १५ ला जाणार आणि २०२८ चा लीप दिवस पुढच्या वर्षी तिला परत खेचणार.

पण हे खेचणं पुरं पडत नाही. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या. नाक्षत्र वर्ष वीसेक मिनिटांनी मोठं आहे, म्हणून ७०-७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३.

हापूसचोर

म्हणजे पानिपत संक्रांतीला झालं म्हणतात ते?

ताकभात

१४ जानेवारी १७६१ ही तारीख पक्की, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. पण १८६३ ला जी १२ तारखेला होती ती संक्रांत त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला असेल कशी? ती १०-११ जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती.

शनिवारवाडा_बघ्या

थांबा थांबा. "मराठेशाहीवर संक्रांत कोसळली" हे आम्ही शालेय वक्तृत्व स्पर्धेत बोलून पेला जिंकलाय. तुम्ही तारखा जुळवून भावनांशी खेळताय.

ताकभात

पेला ठेवा. वाक्य अलंकारिक म्हणून चालतंच.

उंटावरचा शहाणा

ब्वॉर. धागा सुधारतोय. मूळ प्रश्न १७०० चा होता, तो कुणी घेतला नाही. मोडीवाचक कुठे आहेत?

मोडीवाचक

आलो. १७०० लीप होतं का, याचं उत्तर तुम्ही त्या साली कुठे उभे होतात त्यावर आहे. मुंबईत असाल तर होतं. गोव्यात असाल तर नव्हतं.

पोर्तुगालने पोपची सुधारणा १५८२ मध्येच उचलली, त्यामुळे सतराव्या शतकातले गोव्याचे पोर्तुगीज कागद नव्या पद्धतीचे. इंग्रजांना मात्र पोपचं ऐकायचं नव्हतं. त्यांनी जुनी ज्युलियन पद्धत १७५२ पर्यंत ओढली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. तोवर सुरत, राजापूर, मुंबई इथल्या कंपनीच्या वखारींचे कागद जुन्या तारखांचे. मुंबईच्या वखारीत २९ फेब्रुवारी लिहीत होते त्या दिवशी गोव्यात ११ मार्च होता. आणि त्या एका दिवसाने दोन्ही पद्धतींतलं अंतर दहाचं अकरा झालं. हे घडत होतं तेव्हाच्याच आगेमागे, मार्चच्या सुरुवातीला, सिंहगडावर राजाराम महाराज गेले. त्यांची तारीख पुस्तकांत २ किंवा ३ मार्च १७०० अशी मिळते ती जुन्या पद्धतीची. फाल्गुन वद्य नवमीशी ताडून बघा, जुळते. नव्या पद्धतीने १३-१४ मार्च.

आता खरी मेख. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणजे तो २९ फेब्रुवारी त्यांच्या कित्येक कागदांत १६९९ सालातच दिसतो, नाहीतर १६९९/१७०० असा जोड लिहिलेला. चारने भाग जाणारं सालच शोधत बसलात तर हुकलात.

गणितभीरू

हे भारी आहे! मग शिवाजी महाराजांच्या तारखा?

मोडीवाचक

राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता, त्याच्या नोंदीत ६ जून १६७४. नव्या पद्धतीने तो १६ जून. वार दोन्हीकडे शनिवारच, कारण तारीख बदलली तरी वारांची माळ कुणी तोडली नाही. म्हणून जुनी तारीख पडताळताना मी आधी वार बघतो, मग तिथी, सगळ्यात शेवटी इंग्रजी तारीख.

जन्माची गोष्ट तुमच्या धाग्याला थेट लागू आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. जुनी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. त्यात दहा मिळवा, बोटं मोडत गेलात तर २९ फेब्रुवारी येते. पण १६३० लीप नाही! म्हणून १ मार्च १६३०, आणि तोही शुक्रवार.

एकनिष्ठ_मावळा

म्हणजे जयंती तिथीनेच साजरी करायला हवी हे सिद्ध झालं. शासनाने १९ फेब्रुवारी

संपादक मंडळ

तिथी की तारीख या वादाचे आधीचे चार धागे आम्हाला कुलूप लावून बंद करावे लागले आहेत. इथे तो नको. या प्रतिसादाखालचे उपप्रतिसाद काढले आहेत.

स्टॉकहोमची_शकू

१७०० वरून आठवलं, आमच्या स्वीडनची फजिती ऐका. यांनी ठरवलं, एकदम अकरा दिवस कापण्यापेक्षा १७०० ते १७४० मधले सगळे लीप दिवस गाळू, हळूहळू जगाशी जुळेल. १७०० चा गाळला. मग युद्ध लागलं आणि १७०४, १७०८ ला गाळायचं राहूनच गेलं. परिणामी स्वीडनची तारीख ना जुन्यांशी जुळे ना नव्यांशी. शेवटी कंटाळून जुन्याकडे परत जायचं ठरलं, तर १७१२ मध्ये लीपच्या २९ वर आणखी एक दिवस द्यावा लागला. ३० फेब्रुवारी १७१२. खरोखरची तारीख, एकदाच झालेली. शेवटी १७५३ मध्ये मुकाट्याने अकरा दिवस एका फटक्यात कापले.

हापूसचोर

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास असाच चाललाय.

बोरिवली_फास्ट

रोमनांनी तरी काय दिवे लावले होते. सीझर मारला गेल्यावर तिथल्या पुरोहितांनी "दर चौथ्या वर्षी" हे मोजताना आधीचं लीप वर्षही धरलं आणि दर तीन वर्षांनी दिवस घालत सुटले. ऑगस्टसला मध्ये पडून काही लीप दिवस रद्द करावे लागले. तेव्हा लोटसवाल्यांना माफ करा.

मैना९

आणि आत्ताचा ग्रेगरीचा हिशेब तरी चोख आहे का?

ताकभात

वर्षाला २६-२७ सेकंद अजूनही जास्त. एक दिवस साठायला तीन हजारांहून अधिक वर्षं लागतील. तोवर पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही पुरता बदललेला असेल, त्यामुळे आत्ता नियम करून ठेवण्यात अर्थ नाही.

जवळचा धक्का २१०० चा. तेव्हा लीप दिवस गळणार, म्हणजे संक्रांतीला मागे खेचायला कुणी नाही. पुढची काही वर्षं ती १६ जानेवारीलाही येईल. पारशी नववर्ष मात्र त्या चार वर्षांत जागच्या जागी.

गणितभीरू

ग्रँटरोडकर, सुट्टीचा हिशेब नातवंडांना कळवून ठेवा.

मी एक्सेलमध्ये सूत्र लिहून टाकलंय: १०० ने भाग जात नसेल तर ४ ने तपास, जात असेल तर ४०० ने. १७५२ च्या आधीची इंग्रजी कागदातली तारीख असेल तर नुसतं ४ ने, आणि जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर आधी सालात एक मिळव. मोडीवाचक, बरोबर?

मोडीवाचक

इंग्रजी कागदाला बरोबर. फक्त साल जोड लिहिलं असेल तर एक मिळवू नका, दुसरा आकडा धरा. आणि एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, तेव्हा साल, महिना, दिवस वेगवेगळ्या चौकटींत ठेवा.

डोंबिवलीची_सून

एवढी विद्वान मंडळी जमलीच आहेत तर २०२८ च्या २९ फेब्रुवारीला वार कोणता ते सांगा. आत्तापासून बेत करावा लागतो.

ताकभात

२०२४ ला गुरुवार होता. दर लीप दिवसाला वार पाचाने पुढे जातो. म्हणजे मंगळवार. पुन्हा गुरुवार यायला २८ वर्षं, २०५२.

डोंबिवलीची_सून

मंगळवार? सासूबाई मटण शिजवू द्यायच्या नाहीत. १ मार्चलाच करू.